बफरमध्ये चालणारा पारा-संवेदक खाडीच्या पाण्यात गप्प का होतो?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायमिनचा (डीएनएच्या चार बेसपैकी, म्हणजे घटकांपैकी, एकाचा) भरणा असलेला एकसरी डीएनए बसवला आहे आणि त्याच्या मोकळ्या टोकाला मिथिलीन ब्लू हे इलेक्ट्रॉन देणारे-घेणारे रंगद्रव्य जोडले आहे. द्रावणात पारा आला की डीएनए दुमडतो, ते टोक सोन्याजवळ येते आणि प्रवाह वाढतो. सोडियम नायट्रेट घातलेल्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ५ नॅनोमोलर (मोलर या तीव्रतेच्या एककाचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमोलर) पारासुद्धा आपल्याला स्पष्ट दिसतो. मात्र एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतून भरतीच्या वेळी आणलेल्या पाण्यात मुद्दाम १०० नॅनोमोलर पारा घातला, तरी प्रवाह जागचा हलत नाही. खारट पाण्याने डीएनए खराब होतो का, असे आपण विचारले आहे. त्याला जोडून आणखी एक प्रश्न आहे: संवेदक शून्य दाखवत असेल, तर खाडीत पारा नाही असे काठावरच्या मच्छीमारांना सांगता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात चूक झाली तर ती प्रयोगशाळेबाहेर जाते. नाही, तसे सांगता येणार नाही. आपण स्वतः घातलेला पारा जे उपकरण ओळखू शकले नाही, त्याच्या शून्याला काहीच अर्थ नाही. ती मात्रा घालून पाहण्याची काळजी आपण घेतली, म्हणूनच ही गोष्ट वेळीच उघड झाली.

आता पहिला प्रश्न. मीठ डीएनएला खराब करत नाही. उलट धन आयन फॉस्फेटच्या ऋण भारांना झाकतात, त्यामुळे दोन सर एकमेकांजवळ येणे सोपे होते. माझ्या अनुभवात अशा वेळी संवेदक बहुधा शाबूत असतो आणि पारा डीएनएच्या हाती लागण्याच्या स्थितीत नसतो. थायमिन-पारा-थायमिन या जोडीवर आधारलेला संवेदक ओनो आणि तोगाशी या जपानी संशोधकांनी २००४ साली मांडला, आणि तेव्हापासून या जोडीची निवडकता सगळ्यांनी वाखाणली आहे. ती वाखाणणी रास्तच आहे, कारण द्विभारित पारा दोन थायमिनच्या नायट्रोजनांमध्ये जसा नेमका बसतो तसा दुसरा कोणताही सामान्य धातू बसत नाही. पण निवडकता म्हणजे डीएनए इतर धातूंना किती नाकारतो याचे माप आहे. द्रावणातले इतर पदार्थ त्याच पाऱ्यासाठी डीएनएशी किती स्पर्धा करतात, हे त्यातून कळत नाही, आणि खाडीच्या पाण्यात ही स्पर्धा फार मोठी असते.

सर्वांत मोठा स्पर्धक क्लोराइड आहे. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ०.५५ मोलर असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत नदीचा ओघ आटल्यावर खाडीच्या मुखाशी भरतीचे पाणी जवळजवळ तेवढेच खारे असते. पाऱ्याला क्लोराइडची ओढ विलक्षण आहे. प्रसिद्ध स्थिरांक घेऊन हिशेब केला तर इतक्या क्लोराइडमध्ये मोकळ्या द्विभारित पाऱ्याचा अंश साधारण शंभर लाख कोटींत एक एवढाच उरतो. बाकी सगळा पारा दोन, तीन किंवा चार क्लोराइडांनी वेढलेला असतो. आपल्या बफरमध्ये नायट्रेट आहे, आणि नायट्रेट पाऱ्याला जवळजवळ धरतच नाही. म्हणजे आपण संवेदकाची पारख अत्यंत अनुकूल पाण्यात केली आणि त्याला एकदम अत्यंत प्रतिकूल पाण्यात उतरवले.

दुसरा स्पर्धक विरघळलेले सेंद्रिय द्रव्य आहे. खारफुटीचा पाला, कुजलेले शेवाळ, वस्तीचे सांडपाणी यांतून येणाऱ्या या द्रव्यात गंधकाचे गट असतात, आणि गंधकाला धरलेला पारा क्लोराइडच्या मानानेही कितीतरी घट्ट बसतो. तिसरा स्पर्धक गाळ. कोकणातल्या नद्या जांभ्याच्या जमिनीतून येतात, त्यामुळे पावसाळ्यात लोहाच्या ऑक्साइडांचे बारीक लाल कण पाण्यात तरंगत असतात आणि पारा, शिसे यांसारखे धातू त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतात. या तिघांपैकी कोणाचा वाटा किती, हे नमुना कोणत्या महिन्याचा, कोणत्या ठिकाणचा, उधाणाच्या भरतीचा की भांगाच्या, यावर अवलंबून आहे. जुलैच्या ओहोटीला त्याच जागी पाणी जवळजवळ गोडे असते. तेव्हा क्लोराइडची अडचण मागे पडते आणि गाळाची पुढे येते. म्हणून एका नमुन्यावरून मी ठामपणे बोट ठेवणार नाही. आपल्याला स्वतःला ते दोन दिवसांत शोधता येईल.

त्यासाठी खाडीचे पाणी थोडा वेळ बाजूला ठेवावे. आपल्याच बफरचे दोन भाग घ्यावेत; एकात ०.५ मोलर सोडियम क्लोराइड आणि दुसऱ्यात ०.५ मोलर सोडियम नायट्रेट घालावे, आणि दोन्हींत १०० नॅनोमोलर पारा घालून मोजावे. दोन्हींत मीठ तेवढेच आहे, फरक फक्त ऋण आयनाचा आहे. नायट्रेटच्या भागात प्रवाह वाढला आणि क्लोराइडच्या भागात वाढला नाही, तर मिठाच्या तीव्रतेला दोष देण्याचे कारण उरत नाही. क्लोराइडने पारा धरून ठेवला आहे हे निश्चित होते. नुसते मीठ घालून केलेली तुलना मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे, आणि तिच्यातून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. त्यानंतर खाडीच्या पाण्यातून काढलेला इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा स्वच्छ बफरमध्ये ठेवावा आणि पारा घालावा. प्रवाह परत वाढला तर डीएनए जागेवर आणि धडधाकट आहे. नाही वाढला, तर रुथेनियम हेक्झाअमीन हा डीएनएला चिकटणारा धनभारित पदार्थ वापरून आधीची आणि नंतरची पृष्ठभागावरची डीएनएची घनता मोजावी. त्यातून डीएनए निघून गेला की त्यावर प्रथिने व चिकट द्रव्ये बसली, याचा अंदाज येतो.

या तपासणीत एक गोष्ट आवर्जून पाहावी, कारण तिने माझ्या विद्यार्थ्यांचे अनेक आठवडे खाल्ले आहेत. आपण छापील पट्टीवरचे इलेक्ट्रोड वापरत असाल, तर त्यातील चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडला, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव (व्होल्टेज) मोजतात त्याला, स्वतःचे भरलेले द्रावण नसते. तो नमुन्यातल्या क्लोराइडवरच उभा असतो. क्लोराइड दहापट वाढले की २५ अंश सेल्सिअसला त्याचे विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकते. नायट्रेटच्या बफरमध्ये तर क्लोराइड जवळजवळ नसल्याने ते विभव नीट ठरलेलेच नसते. साहजिकच खाडीच्या पाण्यात मिथिलीन ब्लूचे शिखर धन बाजूला सरकलेले दिसते. यंत्रातली विभवाची कक्षा अरुंद ठेवली असेल तर शिखराचा काही भाग कक्षेबाहेर जातो आणि सिग्नल गेला असे वाटते. वेगळा, काचेच्या नळीतला संदर्भ इलेक्ट्रोड घेऊन एकदा मोजावे, म्हणजे ही शंका मिटते. मिथिलीन ब्लूचे शिखर ज्या विभवाला येते त्याच्या आसपासच विरघळलेल्या ऑक्सिजनचा प्रवाहही सुरू होतो, म्हणून मोजण्यापूर्वी दहा मिनिटे नायट्रोजन सोडावा, हे आपण करत असालच.

पारा डीएनएपर्यंत पोहोचू न देणारे पदार्थ कित्येकदा आपणच नकळत घालतो. मी या कामाला लागले तेव्हा पहिले तीन महिने माझा संवेदक बफरमध्येही धड चालत नव्हता, आणि कारण निघाले ते असे की डीएनए ज्या द्रावणात विरघळवून ठेवला होता त्यात ईडीटीए, म्हणजे धातूंचे आयन घट्ट पकडणारे रसायन, होते. डीएनए जपून ठेवण्यासाठी ते योग्यच आहे, पण धातू मोजण्यासाठी ते घातक आहे. डीएनएला सोन्याशी बांधणारा थायॉल (गंधकाचा) गट मोकळा करण्यासाठी वापरलेला अभिकारक आणि सोन्यावरची रिकामी जागा भरण्यासाठी वापरलेले मर्कॅप्टोहेक्झॅनॉल यांचे अंश नीट धुतले गेले नाहीत, तर तेही पारा पकडतात. ट्रिस बफरसुद्धा पारा, चांदी आणि तांबे यांना काही प्रमाणात धरतो. म्हणून मी मॉप्स किंवा हेपेस हे बफर वापरते. आपण कोणता बफर वापरता हे लिहिलेले नाही, तेवढे तपासून घ्यावे.

याची उलट बाजूही आहे. सोन्याला पाऱ्याची ओढ आहे, हे सराफ पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. डीएनए आणि मर्कॅप्टोहेक्झॅनॉल यांच्या थरात भोके राहिली तर पारा थेट सोन्यावर जाऊन बसतो, थर उचकटतो, आणि प्रवाह बदलतो. हा बदल खराच पाऱ्यामुळे झालेला असतो, पण तो डीएनएच्या ओळखीतून आलेला नसतो, आणि त्याची पुनरावृत्ती होत नाही. त्यासाठी प्रत्येक मालिकेत एक असा इलेक्ट्रोड ठेवावा ज्यावरच्या डीएनएत थायमिनच्या जागी दुसरे बेस आहेत. तोही पाऱ्याला प्रतिसाद देऊ लागला, तर त्या दिवसाची मोजणी बाद करावी. हे जिवावर येते, पण करावे.

बफरमधल्या आकड्यांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण आपण पुढे पिकोमोलरपर्यंत (नॅनोमोलरच्या हजाराव्या भागापर्यंत) जाण्याचा मानस लिहिला आहे. एक साधा हिशेब करू. २ मिलिमीटर व्यासाच्या इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३१ चौरस सेंटिमीटर आहे. दर चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी रेणू ही डीएनएची नेहमीची घनता धरली, तर इलेक्ट्रोडवर सुमारे ३,००० कोटी रेणू आहेत. १ पिकोमोलर पाऱ्याच्या ५० मायक्रोलिटर थेंबात सुमारे ३ कोटी आयन असतात. एकूण एक आयन पकडला गेला आणि प्रत्येक आयनाने एक डीएनए दुमडला, तरी हजारात एक रेणू बदलेल आणि प्रवाहात ०.१ टक्क्याचा फरक पडेल. दोन इलेक्ट्रोडांमधला नेहमीचा फरकच ५ ते १० टक्के असतो. म्हणून प्रवर्धनाची (सिग्नल वाढवण्याची) काही तजवीज नसताना थेंबभर पाण्यात पिकोमोलर मोजल्याचा दावा वाचला की मी आधी हा हिशेब करते. ५ नॅनोमोलरला त्याच थेंबात सुमारे १५,००० कोटी आयन असतात. आपल्या डीएनएत पाच थायमिन जोड्या असतील तर सगळे रेणू भरायला नेमके तेवढेच लागतात. म्हणजे आपण पुरवठ्याच्या काठावर आहोत. थेंबाऐवजी ५ ते १० मिलिलिटर पाणी घेऊन ते ढवळत ठेवले, तर हीच मोजणी पुष्कळ भरवशाची होईल.

योगायोगाने ५ नॅनोमोलर हा आकडा महत्त्वाचा आहे. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि तिचे मोलरमध्ये रूपांतर केले की ५ नॅनोमोलरच येतात. मात्र ही मर्यादा एकूण पाऱ्याची आहे, मग तो क्लोराइडला, सेंद्रिय द्रव्याला की गाळाला चिकटलेला असो. आपला संवेदक त्यातला डीएनएला हिसकावून घेता येईल तेवढाच भाग मोजतो. शिवाय खाडीचे पाणी पिण्याचे नाही, त्यामुळे तिथे हा आकडा केवळ अंदाजाचे माप म्हणून वापरावा.

इथवर आलेले मुद्दे एकत्र करते: डीएनए बहुधा ठीक आहे, पारा क्लोराइड आणि सेंद्रिय द्रव्य यांनी धरलेला आहे, संदर्भ इलेक्ट्रोड सरकल्याने चित्र आणखी बिघडलेले असू शकते. आता उपायाकडे वळू.

सर्वांत स्वस्त उपाय पाणी पातळ करणे हा आहे, आणि त्याचे गणित वरवर वाटते त्यापेक्षा बरेच अनुकूल आहे. समुद्राचे पाणी ५५ पट पातळ केले तर क्लोराइड ०.०१ मोलरवर येते आणि पाराही ५५ पट कमी होतो. पण क्लोराइडची पकड त्याच्या चौथ्या घातापर्यंत अवलंबून असल्यामुळे मोकळ्या पाऱ्याचा अंश शंभर लाख कोटींत एकवरून सुमारे दोनशे कोटींत एकवर येतो, म्हणजे जवळजवळ लाखपट वाढतो. पाऱ्याचे एकूण प्रमाण घटूनही मोकळा पारा हजारपटीहून अधिक वाढतो. हा हिशेब केवळ क्लोराइड धरून केलेला आहे. गंधकाने धरलेला पारा इतक्या सहज सुटत नाही. आणि पातळ केल्यावर संवेदकाची ५ नॅनोमोलरची मर्यादा मूळ पाण्यासाठी २७५ नॅनोमोलर होते, हेही विसरता येत नाही. आपण घातलेले १०० नॅनोमोलर त्यात दिसणार नाहीत. म्हणून दहा, वीस, चाळीस अशा वेगवेगळ्या पटींनी पातळ करून घातलेला पारा किती टक्के परत मिळतो ते पाहावे; मधे कुठेतरी एक जागा सापडते जिथे पकड पुरेशी सैल झालेली असते आणि पारा अजून मोजण्याइतका उरलेला असतो.

सेंद्रिय द्रव्यासाठी अतिनील प्रकाशात पचन करावे लागते, म्हणजे ते द्रव्य मोडून पारा मोकळा करावा लागतो. पाणी गाळून, त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालून, बंद क्वार्ट्झ नळीत ते ठेवावे. पाऱ्याच्या मान्य पद्धतींत ब्रोमीन मोनोक्लोराइडने ऑक्सिडीकरण करतात आणि ते अधिक खात्रीचे आहे, पण त्याचा किंचितही अंश उरला तर मिथिलीन ब्लू नष्ट होते, म्हणून डीएनएच्या संवेदकासाठी मी ते टाळते. अतिनील प्रकाशात थोडा पारा धातुरूप होऊन वाफेने निसटण्याची भीती असते. त्यासाठी ज्ञात मात्रा पचनाच्या आधी घालावी, नंतर नव्हे. मग पीएच ७ च्या आसपास आणून, पातळ करून मोजावे. मोजताना स्टँडर्ड ॲडिशन (त्याच नमुन्यात ज्ञात पारा टप्प्याटप्प्याने घालून मोजणे) वापरावे, परंतु प्रत्येक भर घातल्यावर प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबावे आणि वक्राच्या सरळ भागातच राहावे. संवेदकाचा प्रतिसाद वरच्या टोकाला सपाट होतो आणि तिथे काढलेली सरळ रेषा खोटे उत्तर देते.

नमुन्याच्या बाटलीकडेही लक्ष द्यावे. साध्या पॉलिथिनच्या बाटलीच्या भिंतीतून पाऱ्याची वाफ आरपार जाते आणि पातळ पारा भिंतीवर चिकटतोही. बोरोसिलिकेट काचेची किंवा टेफ्लॉनची, आम्लाने धुतलेली बाटली घ्यावी आणि नॅनोमोलर पातळीची प्रमाण द्रावणे रोज ताजी करावीत. जेट्टीवर उन्हात ३५ अंशांना मोजलेले आकडे प्रयोगशाळेतल्या २५ अंशांच्या वक्रावर बसवू नयेत, कारण डीएनएचे दुमडणे तापमानावर अवलंबून असते.

माझे मत विचाराल, तर हा प्रकल्प मी खाडीपासून सुरू केला नसता. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरी, विशेषतः पावसाळा संपल्यावरच्या, क्लोराइडने गरीब असतात, आणि तिथे हा संवेदक त्याच्या खऱ्या गुणांनी चालू शकेल. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, म्हणून तीच विहीर ऑक्टोबरमध्ये आणि मेमध्ये मोजली तर क्लोराइडचा परिणाम नैसर्गिकरीत्या समोर येईल. विहिरीसाठी शिशाचाही विचार करावा. त्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर आहे, आणि शिशावरची क्लोराइडची पकड पाऱ्याच्या तुलनेत नगण्य आहे. शिशाच्या मदतीने दुसरा सर तोडणाऱ्या डीएनए-एन्झाइमवर (एन्झाइमसारखे काम करणाऱ्या डीएनएवर) मिथिलीन ब्लू लावून केलेला विद्युतरासायनिक संवेदक अमेरिकी संशोधक प्लॅक्सो यांच्या गटाने २००७ साली दाखवला होता. ग्वानिन या बेसच्या चौपदरी घडीवर आधारलेले शिशाचे संवेदकही आहेत, पण ती घडी पोटॅशियमनेही बनते, आणि समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम सुमारे १० मिलिमोलर असते. खाऱ्या पाण्यात मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

राहिला मासळीचा प्रश्न, जो मच्छीमार आपल्याला पहिला विचारतील. मासळीत साठतो तो मुख्यतः मिथिल पारा. जपानच्या मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार त्याच्यामुळेच झाला होता. या रेणूत पाऱ्याचा एक हात आधीच मिथिल गटाने धरलेला असतो, त्यामुळे तो एका थायमिनला चिकटू शकतो, पण दोन थायमिनांना जोडणारा पूल बांधू शकत नाही. आपला डीएनए त्याने दुमडणार नाही. पाण्यातला अजैविक पारा अगदी अचूक मोजला, तरी बांगडा किंवा कालवे खाण्याजोगी आहेत का याचे उत्तर त्यातून येत नाही; त्यासाठी मांसाचे पचन करून कोल्ड व्हेपर अणुशोषण पद्धतीने एकूण पारा मोजावा लागतो. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मासळीचे नमुने कसे घ्यावेत याबद्दल तिथल्या प्राध्यापकांशी बोलणे उपयोगी पडेल. तोवर जेट्टीवर कोणी विचारले, तर आमचे उपकरण या पाण्यात अजून पारा ओळखू शकत नाही, म्हणून पारा आहे किंवा नाही यांपैकी काहीच आम्ही सांगू शकत नाही, एवढेच सांगावे.